कुठं सोडू?

पासली, ता. वेल्हे
मंगळवार, १७ फेब्रुवारी २०२६

चि. नंदूस,
आप्पाचे आशीर्वाद, आणि तुझ्या छकुलीला माझ्याकडून एक पापा. इकडे आम्ही ठीक आहोत. तुझ्या आईची तब्येत मला ओरडण्याइतकी उत्तम आहे. म्हैस व्याली, रेडकू गुटगुटीत आहे. हे सगळं मोबाईलवर सांगता आलं असतं, पण तुझी आई स्पीकर लावून शेजारी बसते. पंचायतीत तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिले, आज आपला एक लिहितो.

तू आईला म्हणालीस, आप्पांना या वयात गाड्यांना हात करत फिरू देऊ नकोस. अगं, मी पावसाळ्यापासून दर बुधवारी वेल्ह्याला गुडघ्याला शेक घ्यायला जातो. सकाळची एसटी चुकली की हात करणं आलंच. आणि त्यात मी आता तरबेज झालोय. चारचाकीला हात करायचा नाही, आपल्याला बघून त्यांना नेमका फोन येतो. दुधाचा टेम्पो हमखास थांबतो, पण कॅनला मिठी मारून बसावं लागतं. फाट्यावरच्या गतिरोधकाशी उभं राहायचं. तिथं गाडी हळू होते आणि एकदा नजरानजर झाली की माणसाला पुढं जाणं जड जातं. बसलं की तो विचारतो, "कुठं सोडू, बाबा?" आपण विचारायचं, "कुठलं पाव्हणं तुमी?" फुकटात जायचं तर चार शब्द तरी द्यावेत.

तर सांगायचं ते असं की, दिवाळीपासून मला एक मोटारसायकलवाला भेटतो. डोक्याला हेल्मेट, पुढं काळी काच. मी हात वर करायच्या आत थांबतो. "कुठलं पाव्हणं?" म्हटलं तर, "हिकडचाच." पुढं गप्प. खड्डा दिसला की माझ्या गुडघ्याला कळायच्या आत गाडी हळू करतो. शेक होईपर्यंत बाहेर थांबतो आणि पुन्हा फाट्यावर आणून सोडतो.

मी काही गप्प बसणाऱ्यातला नाही. त्याच्या पाठीला सगळं सांगत गेलो. लेकीनं भोरात परस्पर रजिस्टर लग्न केलं, जावई मला न्यायला दारात गाडी घेऊन आला, तेव्हा मी चारचौघांत म्हणालो, "ह्याच्या गाडीला माझा पाय लागणार न्हाई." शिवाय जावयाबद्दल जे जे बोललो ते इथं लिहीत नाही. तो आपला "व्हय, व्हय" करत ऐकायचा.

तू बाळंत झालीस त्या आठवड्यात, संक्रांतीच्या बुधवारी, आईनं माझ्या हातात पिशवी दिली. डिंकाचे लाडू. वेल्ह्यात ओळखीच्यांना द्या म्हणाली. मी ती गाडीच्या हुकाला विसरून आलो. तुझी आई चमचा हरवला तरी चार दिवस घर डोक्यावर घेते. ती म्हणाली, "जाऊ द्या, कुणाच्या तरी मुखी लागंल." त्यानंतर दर बुधवारी पिशवी, आणि दर बुधवारी माझा विसरभोळेपणा.

एका पिशवीत जुनं धोतर निघालं असेल. ते आईनं ठेवलेलं नाही, मी ठेवलं. तू झालीस तेव्हा तुला माझ्याच धोतरात गुंडाळलं होतं. नवं कापड टोचतं गं.

तुला वाटेल, मी तुझ्या नवऱ्याला पिशवीवरून ओळखलं. नाही. पहिल्याच दिवशी ओळखलं. इतक्या गाड्यांवर बसलो, पण "कुठं सोडू" न विचारता सरळ दवाखान्याच्या पायरीशी नेणारा तो एकटाच. ओळखूनही पुढच्या बुधवारी बसलो. शब्द मोडला याची लाज वाटत होती आणि मोडता आला म्हणून बरंही वाटत होतं. तोंडावर बोलायची छाती नव्हती, म्हणून पाठीशी भांडलो. तुमच्या किकवीहून एवढ्या लांब यायचं, मला नेऊन आणायचं, वर माझ्याच तोंडून स्वतःची निंदा ऐकून परत जायचं. असा जावई मी शोधायला निघालो असतो तर मला सापडला नसता.

गेल्या बुधवारी म्हणालो, "पाव्हणं, लेकीचं पयलं बाळंतपण माह्यारी व्हाया पायजे व्हतं. माझ्या ताठ्यानं ते घालवलं." त्यानं गाडी कडेला उभी केली. मग म्हणाला, "आप्पा, नीट धरून बसा." रस्त्यावरचे सगळे मला बाबा म्हणतात. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. डोळे पुसायला तेवढा वेळ मिळाला.

ही चिठ्ठी उद्याच्या पिशवीत तळाशी ठेवतोय. रविवारी बारसं आहे हे मला ठाऊक आहे. तुझी आई शनिवारीच एसटीनं निघतेय. मी येणार नाही असं तिला वाटतंय, वाटू दे.

रविवारी सकाळी सात वाजता मी फाट्यावर असेन. दुधाचा टेम्पो थांबला तरी चढणार नाही. गोरखरावांना म्हणावं, हेल्मेट घालूनच या, पल्ला लांबचा आहे, पण माझ्यापाशी आल्यावर काढा. आणि एवढे दिवस विचारलं नाहीत ते त्या दिवशी विचारा, कुठं सोडू म्हणून. मला ते एकदा तोंडावर सांगायचंय, "माझ्या लेकीच्या घरी, जावईबापू."

हात करून उभा असलेला,
तुझा आप्पा