एक बाई आहे की

भिवंडी, मंगळवार, ऑगस्ट १९७४

डोकं अजून तडकलंय. आमच्या कॉलेजच्या लायब्ररीतल्या जागेसाठी आज मुलाखती झाल्या. शमीम आली होती. लायब्ररीचा डिप्लोमा केलाय, मराठी फाडफाड बोलते, उर्दू तर घरचीच. बोलावणं येईपर्यंत उर्दूच्या कपाटापाशी उभी होती. एक पुस्तक उघडून मला म्हणाली, "ताई, हे तर पहिलं पान! किताब के नाम पर ही चिपका दिया?"

परतीच्या तारखेची चिठ्ठी शेवटच्या पानावर लावायची, हा ग्रंथपालसाहेबांचा नियम. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं, आपलं शेवटचं पान ते त्याचं पहिलं; पण आमच्यात उर्दू येतं कुणाला? सगळं कपाट तसंच. निम्मी मुलं उर्दू बोलणाऱ्या घरांतली, आणि त्यांच्या पुस्तकांची नावंच आम्ही खळ लावून झाकलीत!

मुलाखतीचा आवाज काउंटरपर्यंत येत होता. साहेबांनी विचारलं, "तुमच्यात बायकांना नोकरी चालते?"

"सर, मी आलेय ना," शमीम म्हणाली.

जागा दिली वडपे गावच्या एका मुलाला. ना डिप्लोमा, ना उर्दू. मी साहेबांना कारण विचारलं, तर हसले. "अहो, एक बाई आहे की आपल्याकडे. तुम्ही आहात. आणखी कशाला?"

मी म्हटलं, "पुरुष चार आहेत. तेव्हा नाही कुणी म्हणालं, एक पुरे."

"चिडता काय बाई? चहा घ्या."

चिडू नको तर काय करू? चहा तसाच ठेवून आले. ती नावावरची चिठ्ठी काही डोळ्यांपुढून हलत नाही. आज शमीमच्या नावावर त्यांनी मला चिकटवलं.