ऐकू येत नाही, एवढंच सांगायचं होतं

अण्णा, तुम्ही मला सांगितलेली गोष्ट मी आता लोकांना सांगते. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि माझाही डावा कान तुमच्याच वाटेनं निघालाय.

मी तेव्हा सहावीत. आईनं दिलेला डबा घेऊन तुमच्या चादरीच्या कारखान्यात आलेय. जेवणाची सुट्टी झालीय, सगळे माग थांबलेत. मी मागून, तुमच्या डाव्या बाजूनं "अण्णा, अण्णा" म्हणतेय, बाकीचे कामगार वळून बघतायत, तुम्ही मात्र वळत नाही. मला वाटलं, माझ्यावर रागावलात. डबा तिथंच ठेवून मी रडत फाटकाकडे पळाले. तुम्ही धावत आलात, लिंबाखाली मला धरलंत आणि आधी ओरडलात, "असं न सांगता पळत्यात व्हय?" मग आवाज खाली आणून म्हणालात, "पोरी, मला ह्या कानानं ऐकू येत न्हाय. मागाच्या आवाजानं गेलाय. आईला सांगू नको, उगं घोर लावून घेईल."

त्या दिवसापासून मी तुमच्या उजव्या बाजूनं चालायला लागले. एवढ्या मोठ्या माणसानं आपलं कमीपण माझ्या हाती दिलं, म्हणून मला तुमची कधी भीती वाटली नाही. पण आई स्वयंपाकघरातून हाक मारायची, आणि उत्तर आलं नाही की परातीतला हात थांबवून म्हणायची, "ह्या माणसाला माजं बोलणं नकोच झालंय." ती तेच मनात घेऊन गेली, अण्णा. घोर लागू नये म्हणून तुम्ही तिला त्याहून मोठं दुःख दिलंत. माझ्यावर विश्वास ठेवलात ते बरोबर, तिच्यावर ठेवला नाहीत ते चूक. हे मी ठामपणे म्हणते, कारण तीच चूक मीही केली.

शाळेपासूनची माझी मैत्रीण तुम्हाला आठवत असेल, आपल्याच ताटात जेवणारी. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात ती माझ्या डावीकडे बसली होती. बँड वाजत होता. ती हळूच काहीतरी म्हणाली. मी नेहमीसारखी हसले, "अगं, छानच झालं की!" ती उठून गेली. त्यानंतर माझा फोन उचलेना. महिन्याभरानं दुसरीकडून कळलं, तिची लेक सासर सोडून कायमची घरी आलीय, हे ती मला सांगत होती.

मग मी कुंभारीला तिच्या घरी गेले. मनात एक खात्री होती: हिच्या हाती दिलेलं ही टाकणार नाही. तिनं दार उघडलं, आणि मी दारातच म्हणाले, "मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. त्या दिवशी तू काय म्हणालीस ते मला कळलंच नव्हतं."

ती म्हणाली, "आन् मला सांगावं वाटलं न्हाय? मी माज्या पोरीचं सगळ्यात आदी तुला सांगितलं की!"

ती लई चिडली, मग रडली. मग मला आत नेऊन उजव्या बाजूला बसली आणि लेकीचं सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. संध्याकाळी घरी येऊन मी यांनाही सांगितलं. हे म्हणाले, "मला वाटायचं, तुला माझ्या बोलण्याचा कंटाळा आलाय." ऐकून मला आईच आठवली. आता घरात जो तो माझ्या समोर येऊन बोलतो, आणि कळलं नाही तर मी खुशाल "काय?" म्हणते.

हे पत्र वहीतच राहणार, ते तुम्हाला कळायचं नाही. तरी एक सांगून टाकते. त्या दिवशी मी रिक्षा सोडली नव्हती. तिनं दार उघडलं नाही तर लगेच परतता यावं म्हणून कोपऱ्यावर थांबवली होती. आम्ही बोलत बसलो आणि तो बिचारा रिक्षावाला बाहेर हॉर्न वाजवत राहिला. माझा डावा कान दाराकडे, मला कुठलं ऐकू येतंय! मैत्रिणीनंच विचारलं, "कुणाची गं रिक्षा?" मी म्हणाले, "कुणास ठाऊक." एवढं मात्र तिला अजून सांगितलेलं नाही.