फडक्याखालचं पीठ

प्रिय आई,

"हिच्या हातात पीठसुद्धा मरतं," असं तू एकदा आत्याला म्हणाली होतीस. मी तेव्हा तुझ्या नातीएवढीच होते आणि परात माझ्याच पुढ्यात होती.

आम्ही सगळे मजेत आहोत. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावून घेतेस ना?

रविवारी तुझ्या नातीनं घरीच पिझ्झा केला, अगदी पीठ मळण्यापासून. कोमट पाण्यात यीस्ट तिनंच घातलं, गोळा ओल्या फडक्याखाली ठेवला आणि सारखी फडकं उचलून बघत बसली. "आई, फुगतंय गं! जिवंत आहे हे!" एक कड करपली, एवढंच. ताट घेऊन ती फोनसमोर धावली. "आजी, मी केला!"

तू चष्मा लावून पाहिलंस आणि म्हणालीस, "आईवर गेलीस गं बाई. तुझ्याही हातात पीठ मरतं." तुझ्यामागून दादा हसला. तुम्ही हसताय म्हणून तीही हसली. फोन ठेवल्यावर तिनं पिझ्झा कचऱ्यात टाकला.

उरलेला गोळा फ्रिजमध्ये आहे. त्यानं डब्याचं झाकण वर ढकललंय. तिला म्हटलं, बघ तरी. "नको, मेला असेल तो," म्हणाली.

आपण कधी खोटं बोलत नाही, हे तू आयुष्यभर अभिमानानं सांगत आलीस. म्हणून तू नाहीच म्हणशील, ठाऊक आहे. तरी मागते. येत्या रविवारी तिला फोन कर आणि पिझ्झा छान झाला होता, असं सांग. माझं राहू दे. तिच्यासाठी एकदा खोटं बोल.

तुझी,
थोरली