ओजसच्या दाराची किल्ली

घाटकोपर (पूर्व)

चि. सुशांत यास विमलाआत्याचे पोटभर आशीर्वाद. इथे सगळं ठीक. गुडघे कुरकुरतात, पण ते माझ्याच वयाचे आहेत. सूनबाईचा, जान्हवीचा, खोकला गेला का? मोतीबिंदूमुळे मला अक्षर दिसत नाही, म्हणून सांगतेय मी आणि लिहितेय समोरची माधुरी. (नमस्कार सुशांतदादा. कंसात मी असेन.) लिहून झालं की ती कागदाचा फोटो काढून तुला कॅनडात पाठवेल. फोनवर तू नुसतं "हो आत्या, हो आत्या" करतोस, म्हणून हा खटाटोप.

तर तुझ्या त्या वेबसाइटबद्दल. बाळाचे फोटो ग्रुपवर टाकले की जगभर फिरतात, म्हणून तू ओजससाठी वेगळी वेबसाइट केलीस आणि तिला लॉगिनचं कुलूप ठोकलंस. आधी नाव सांगा, मग पासवर्ड सांगा, मग बाळ बघा. जिने तुझं नाक पुसलं तिलाच तू दारात उभं करून नाव विचारतोस. असो. पण कुलूप म्हटलं की आपल्या मजल्यावर किल्ली शेजारी ठेवायची पद्धत. तू स्वतः शाळेतून आलास की किल्ली माधुरीच्या सासूकडूनच घ्यायचास ना? तसा मी पासवर्ड माधुरीकडे ठेवला. ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती, म्हणून जरा मोठ्याने सांगितला. (जरा नव्हे. खाली वाण्यालाही कळला.) मग काय, अख्खा मजला लॉगिन करून आत. माधुरीच्या नवऱ्याने, नंदूने, आंघोळीचा फोटो बघून जाहीर केलं की नाक सुशांतवर गेलंय बिचाऱ्याचं. (मी त्यांना ओरडले. पण गेलंय खरं.) कुणीतरी फोटोखाली "काजळ लावा" असंही लिहून आलं. त्यावर तुझा मेसेज, "आत्या, पासवर्ड कुणाला देऊ नकोस." बरं बाबा, नाही देत. द्यायला आता उरलंय तरी कोण?

हल्ली माधुरी दुपारी येते, फोन उघडते आणि मला ओजस सांगते. मला पडद्यावर नुसता धुरकट उजेड दिसतो, पण ती इतकं छान सांगते की पुरतं. दात आले, दाराला धरून उभा राहिला. मी पाठवलेलं टोपडं तू त्याला घातलंस हे ऐकून मला रडू आलं रे. कानांवर घट्ट होतंय म्हणे, म्हणून चाचपत दुसरं विणायला घेतलंय. त्या टोपड्यासाठी तुझं कुलूपबिलूप सगळं माफ.

तुझी,
विमलाआत्या

ता. क. माधुरीला वेगळी किल्ली करून दे. पान उघडायच्या आधी ती बराच वेळ गप्प बसून असते. तुझं कुलूप फार जड दिसतंय.

ता. क. (हा माझा. आत्या चहा ठेवायला गेल्यात.) दादा, तुमच्या मेसेजची शेवटची ओळ मी त्यांना वाचून दाखवली नाही. पासवर्ड बदललाय, नवा फोनवर सांगतो, असं तुम्ही लिहिलं होतं. तुम्ही विसरलात, आणि मजल्याने घातलेल्या गोंधळानंतर मला मागायला तोंड नव्हतं. तेव्हापासून फोनवर नाव आणि पासवर्ड विचारणाऱ्या दोन रिकाम्या चौकटी दिसतात. त्यांच्याकडे बघून मी ओजस सांगते. दात मीच आणलेत. टोपडं तुम्हाला पोचलं की नाही, तेही मला माहीत नाही. नवा पासवर्ड लवकर पाठवा. तोवर पोराला मी दाराला धरून उभं ठेवलंय, चालवत नाही.