निमज्जन मंडळाचं दीड दिवसाचं सुतक

सोमवार, ५ जानेवारी
विद्यापीठाचं पत्र. निमज्जन मंडळाच्या समन्वयकाने येत्या शनिवार-रविवारच्या सहलीत स्वतः पाच मीटर खोल जाऊन दाखवावं, क्रीडा विभागाच्या प्रा. हितेंद्र यांनी साक्षीदार म्हणून सही करावी. अन्यथा पदाबाबत फेरविचार होईल. फेरविचार कसला? जुलैत डायव्हिंग क्लब निघाला तेव्हा त्याला नाव मीच दिलं. हितेंद्र म्हणत होते, 'पाणबुडे' ठेवू. छे. मस्ज् धातू, म्हणजे बुडणे; नि उपसर्ग, निमज्जन. अख्ख्या विद्यापीठात हा धातू ठाऊक असलेला मी एकटा, म्हणून समन्वयकही मीच. पोहता येतं का, असं कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर येतं म्हणूनच सांगितलं असतं. पाण्यात उतरण्याचा योग तेवढा आलेला नाही.
शिवाय खोलीचा प्रश्न आहे. संस्कृत विभागाची जागा संगणकवाल्यांनी घेतली (विद्यार्थिनी दोन, त्यातली एक बाळंतपणाला माहेरी). आता खोली क्र. १४ एवढीच माझी. दारावर 'समन्वयक' अशी पाटी. पद गेलं की खुर्ची परीक्षा विभागात, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांमागे.
पाच मीटर म्हणजे दोन मजलेसुद्धा नाहीत.

मंगळवार, ६
संकल्प: रोज पहाटे गार पाण्याने अंघोळ. उद्यापासून. आज गीझर आधीच लावलेला होता, वीज वाया घालवणं योग्य नव्हे.

बुधवार, ७. सकाळी ६.१०
श्वास रोखण्याचा सराव. पासष्ट सेकंद. मध्ये दोनदा घेतला, पण छोटा.
गार पाणी: एक तांब्या, पायांवर. लताने बाहेरून विचारलं, अहो, पडलात का? ओरडण्याचा आवाज आला म्हणे. मंत्र होता, असं सांगितलं.

गुरुवार, ८
रबरी पोशाख आला. मांड्यांपाशी अडकला. कोकणातल्या देहयष्टीचं माप दिसतंय. मंडळाची विद्यार्थी-प्रमुख कामिनी (यावलची, केळीच्या बागेतल्या विहिरीत पोहायला शिकलेली, त्यामुळे शास्त्रीय पाया नाही) म्हणाली, सर, चेन पाठीमागे येते. मी म्हणालो, दोन्ही मतं आहेत. मग तिने सरळच विचारलं, सर, पोहता येतं ना तुम्हाला? मी तिला मस्ज् चालवून दाखवला. लिट् लकारापर्यंत थांबली बिचारी. जिज्ञासू मुलगी.

शुक्रवार, ९
सराव नाही. आदल्या दिवशी विश्रांती घ्यायची असते.

शनिवार, १०. सकाळी ९.३०
बोरमळी तलाव. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या कुशीत. हितेंद्रांनी पाण्याचं तापमान मोजलं, बारा अंश. आम्ही जळगावकर पंचेचाळीसला 'आज जरा बरं आहे' म्हणणारे. अठरा मुलं काळ्या पोशाखात थंडीने गप्प उभी. मी स्वेटरवर. बसला फलक सुरेख लागलाय: 'निमज्जन सहल'.

१०.०५
गावातले एक वृद्ध, वना आबा, फलक अक्षर अक्षर जुळवत वाचत होते. मग मला म्हणाले, "गनपती तं भादवामाच गयात. आते काय बुडावाले उनात तुम्ही?" आम्ही काहीतरी बुडवायला आलोय, इतपत शब्दाचा अर्थ त्यांना लागला, हे आनंदाचं. मग काळे कपडे बघितले, मुलांचे उतरलेले चेहरे बघितले, आणि टोपी काढून हळूच म्हणाले, "कोन गये, गुरुजी?"
नेमके तेव्हाच हितेंद्र दोरी सोडून आले. पाच मीटरवर लाल फडकं बांधलंय म्हणे. पाण्यातून ते दिसत नव्हतं. म्हणाले, सर, पहिले तुम्ही.
मी आबांना उत्तर दिलं, "मामा. पहूरचे."
खोटं बोलण्याचा हेतू नव्हता. फार तर अकाली बोललो. जीवराम मामा ऐंशीचे आहेत.

१०.३०
हितेंद्रांचा चेहरा पडला. सर, आधी बोलायचं ना! सुतकात तुम्हाला पाण्यात उतरवू का मी? सहीचं नंतर बघू.
धर्मशास्त्राप्रमाणे मामाचं सुतक पक्षिणी, म्हणजे दीड दिवस. बरोबर वीकएंड. ऋषींची दूरदृष्टी थक्क करणारी आहे.
झाडाखाली बसलो. चहा आला.

११.१५
आबा पुन्हा आले. "मामा गयात ते गयात, पन बुडावाले भाचा का बरं? तेसले पोरं नहीत का?"
दोन आहेत. एक दूध संघात, एक एसटीत. पण ते सांगितलं असतं तर माझं इथे काम काय, हा प्रश्न उभा राहिला असता. मी मान हलवली. नाहीत.
"अरेरे! मंग बठ्ठं भाचालेच करनं पडी. पुना! पेटी लई ये रे!"
पेटी कसली, हे पुना येईपर्यंत कळलं नाही. पुना गावचा न्हावी.

११.५०
नकार देणार होतो. पण तोपर्यंत पंचवीस-तीस माणसं जमली होती, आणि सुगंधाबाई नावाच्या एका म्हातारीने मामांसाठी रडायला सुरुवात केली होती. मामांना न पाहता. इतकं तर मामी रडली नसती.
पुनाचा हात हलका आहे. मिशीही गेली.

१२.२०
मुंडनानंतर स्नान. बादली चालेल, असं मी सुचवलं. आबा म्हणाले, "तळं समोर शे नि बादली?" तीन बुड्या. "डोकं पुरं बुडाले जोयजे, नहीतं पोचत नही."
पहिली बुडी नाकापर्यंत. दुसरी स्मरणात नाही. तिसरीला पायाखालचा चिखल सरकला.

१.००
जिवंत. दोन ब्लँकेटं. कामिनीने बाहेर काढलं. धरायला केस नव्हते, म्हणून कान धरला. तिच्या मनगटावरच्या यंत्रात माझी खोली नोंदली गेली: एक मीटर चाळीस. उरलेले तीन मीटर साठ सुतकामुळे माफ व्हावेत, असं मी हितेंद्रांना म्हणालो. ते म्हणाले, सर, तुम्ही आत्ता काही बोलू नका.

२.३०
भरीत-पुरीचा बेत होता. दुखवट्यात भरीत कसं, म्हणून गावाने सगळ्यांसाठी पिठलं-भाकरी आणली. तेजस नावाचा एक विद्यार्थी भाकरी मोडत म्हणाला, सरांचे मामा दोन दिवस थांबले असते तर. हल्लीच्या पिढीत संवेदना उरलेली नाही.

रविवार, ११. संध्याकाळी
मुलं दोन्ही दिवस पाच मीटर उतरली. कामिनी नऊ. मी काठावरून मार्गदर्शन केलं.
घरी आलो. लताने दार उघडून विचारलं, कोण हवंय?
एकूण आढावा समाधानकारक. पाण्यात उतरलो, साक्षीदार होते, पद सुरक्षित.

सोमवार, १२. सकाळी ११
पत्र. 'आपणावर ओढवलेला दुःखद प्रसंग लक्षात घेता, आपणास विश्रांती मिळावी या सद्हेतूने निमज्जन मंडळाचा कार्यभार आजपासून प्रा. हितेंद्र यांच्याकडे सोपवण्यात येत आहे.' शिफारस हितेंद्रांचीच. खरोखर कळवळून केलेली. किल्ली घेताना त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात दाबला. पाटी त्यांनी स्वतः उतरवून दिली, घरी राहू द्या म्हणाले.
आता परीक्षा विभाग. ऊन छान येतं तिथे.

दुपारी ४
घरी पोचलो तर ओट्यावर जीवराम मामा. पहूरहून दोन बस बदलून आलेले. हितेंद्रांनी ग्रुपवर टाकलेला माझा गोट्याचा फोटो मामांच्या नातीने, डिंपलने, त्यांना दाखवला होता. खाली नुसतंच 'सरांच्या दुःखात सहभागी'. मला बघताच मामांनी मिठी मारली. "कोन गेलं रे भाऊ? मला कसं नाही कळवलं?"
काय सांगणार? हातात पाटी होती. म्हणालो, समन्वयक गेले.
मामांना नाव नीट ऐकू आलं नाही. "वय काय होतं?"
म्हणालो, सहा महिने.
मामा मटकन खाली बसले, उपरण्याने डोळे पुसायला लागले. मी त्यांची समजूत काढायला शेजारी टेकलो, आणि कसं कोण जाणे, मलाच रडू आवरेना. मामा पाठीवरून हात फिरवत राहिले.