रिठ्याचं पाणी

अलिबाग,
९ मार्च २०२५

आबा,

तुमच्या अमिषाचा वाकून नमस्कार. माझा फोन तुम्ही घेत नाही, म्हणून लिहिते. आईकडून वाचून घेऊ नका, चष्मा लावून स्वतः वाचा.

मी बरी आहे. खोलीत वारा भरपूर आहे, पाणी दिवसाआड येतं. आईनं दिलेले बोंबील संपले, जवळा थोडा उरलाय. पलीकडच्या पाड्यावरचा हितेश धक्क्यावर घसरला आणि हात मोडला, असं आई म्हणाली. असेल. शेवाळ फार झालंय तिथं.

कोळशाच्या कंपनीत मी काय करते, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. तिथं नोकरी धरली त्या दिवशीच तुम्ही बोलणं टाकलंत. आज सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

कोळशाची भुकटी पाण्यात पिठल्याइतकी घट्ट कालवतात आणि तेलासारखी नळीतून भट्टीत नेऊन जाळतात. अडचण एवढीच, की ठेवलं की कोळसा खाली बसतो आणि नळी तुंबते. तो बसू नये म्हणून विकतचं रसायन घालायचे. मी त्याऐवजी रिठ्याच्या सालींचा काढा घालून पाहिला. महिनाभर बरणीला हात लावला नाही, तरी तळाशी गाळ धरला नाही. आमचे मोठे साहेब, प्रज्योत सर, यांनी सगळ्यांना पेढे वाटले. मला वाटलं, आता तरी आबांना सांगता येईल, तुमच्या लेकीनं तिथलं विष कमी केलं.

आणि खाडीत मासे मेले.

आईनं फोन केला. "तुजा बाप इचारतो, तुमचे कंपनीतनं काय सोडलंय काय?" मी तोऱ्यात म्हणाले, "आमच्याकडे रिठा वापरतात गं. बायका केस धुतात त्यानं." मागून तुमचा आवाज आला, "मंग हितेशच! मासळी धराया त्यानंच विख टाकलंय." त्याच्या जाळ्यात आपल्यापेक्षा जास्त मासळी लागते, यावरून तुमचा त्याच्यावर आधीपासून राग होता. खरं सांगू, मलाही तो तसाच वाटला.

पुढच्या आठवड्यात मी घरी येऊन गेले, तुम्ही बाहेर होतात. आईनं बादली दाखवली. कोळंबी टणाटण उड्या मारत होती. "बोय मेली, निवट्या मेल्या, हिला काय झालं न्हाय बघ," ती म्हणाली. ते माझ्या मनातून जाईना. असं कुठलं विष, जे माशाला मारतं आणि कोळंबीला सोडतं?

कंपनीत परतले आणि सगळ्यांकडे संशयानं बघू लागले. उन्हानं नासलेल्या काढ्याची पिंपं मागच्या आवारात ठेवलेली होती, ती रिकामी झाली होती. सरांना विचारलं, तर म्हणाले, "ट्रकनं नेलं." कुठल्या ट्रकनं, ते त्यांना आठवेना. गेटवरच्या बाबाजींना विचारलं, ते म्हणाले, "ट्रक कुठला? तुमीच तर बोलल्या होत्या ना, कुठंबी ओतला तरी चालंल म्हनून?" मी तसं बोलले होते, आबा. भर मीटिंगमध्ये, हसत. पिंपं ओहोटीला नाल्यात ओतली गेली होती, आणि नाला खाडीत जातो.

मी दोन बादल्यांत खाडीचं पाणी घेतलं, दोन्हींत बोयची पिल्लं आणि कोळंबी सोडली. एकीत थोडा काढा घातला. तिच्यातली पिल्लं वर येऊन तोंडं उघडू लागली, मग एकेक करून उलटी झाली. कोळंबी तळाशी फिरत राहिली. दुसऱ्या बादलीत सगळं जिवंत. रिठा माशांच्या कल्ल्यांना लागतो. केस धुवायला चांगला म्हणजे खाडीत चांगला, असं नसतं.

सर म्हणाले, "अमिषा, हे आपल्यातच राहू दे." त्यानंतर माझ्या कपाटातल्या बाटल्या जागच्या हललेल्या दिसू लागल्या. मेलेल्या माशांच्या तपासणीला सरकारी साहेब आले, तेव्हा मी कुणाला न विचारता त्यांच्यासमोर दोन्ही बादल्या मांडल्या. आता नाल्याचं तोंड बंद केलंय, काम थांबलंय, आणि मला 'घरी आराम करा' म्हणून सांगितलंय.

इथवर लिहिणं सोपं होतं.

परवा मी हितेशकडे गेले होते. उजवा हात कोपरापासून प्लास्टरमध्ये. विचारलं, "कसा पडलास रे?" तो दाराकडे बघत म्हणाला, "घसरलो." त्याची बायको जागृती तटकन उठून आत गेली. तेव्हा मी त्याला रिठ्याचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ह्ये तुजे आबांना सांग. वल्हं हानताना सारखं बोलत व्हते, कबूल कर, कबूल कर. मी काय कबूल करनार व्हतो?"

पोलिसांत त्यानं नाव घेतलेलं नाही. "याच खाडीत र्‍हायचं हाय मला," म्हणाला. हात पूर्वीसारखा वळेल याची खात्री डॉक्टर देत नाहीत. जाळं कसं फेकायचं त्यानं?

आईला ठाऊक आहे, हे मला घरी आले त्या दिवशीच कळायला हवं होतं. हितेशचं नाव काढलं की ती चुलीकडे वळायची. आणि तुम्ही हे का केलंत, तेही ठाऊक आहे. लेक खोटं बोलणार नाही, एवढा भरवसा तुम्ही माझ्यावर ठेवलात. बोलणं टाकलं होतंत, तरी ठेवलात.

येत्या रविवारी देवळासमोर गावची बैठक आहे. मी येणार आहे. मासे आमच्या काढ्यानं मेले, तो मी केला, आणि न तपासता चांगला म्हटला, हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. हितेशचं नाव त्यातून काढणार आहे.

त्याचा हात कसा मोडला, ते मात्र मी सांगणार नाही. सांगून खाली बसेन आणि तुमच्याकडे बघेन. तुम्ही उठा, आबा. तुम्ही उठलात तर तुमच्या शेजारी येऊन उभी राहीन, लोक काय बोलतील ते दोघं ऐकू, आणि हितेश सांगेल ते करू.

नाही उठलात, तर मला पुन्हा उठावं लागेल.

तसं होऊ देऊ नका, एवढंच मागणारी
तुमची
अमिषा