सहावी ‘ब’मधली सून

१४ जुलै १९८६, घाटकोपर

आज मदत मंडळातला माझा पहिला दिवस. मुलुंडला मावशीकडे येऊन महिना झाला, पण टायपिंगच्या क्लासबाहेर कुणाशी ओळख नव्हती. क्लासमधल्या रतनने विचारलं, येतेस का मदतीला, आणि मी लगेच हो म्हटलं. गेल्या आठवड्यात डोंगर खचून वीस-पंचवीस घरं गाडली गेली. वाचलेली माणसं इथल्या शाळेत आहेत. बँकेत नोकरी करणारे शिवदास म्हणून आहेत, ते सगळं बघतात. मला सहावी ‘ब’चा वर्ग दिला. सतरा माणसं. दुधाची पावडर कालवली, चादरी वाटल्या, खिचडी वाढली. हात भरून आले, पण झकास वाटलं. बेपत्ता माणसांची नावं फळ्यावर खडूने लिहिली आहेत.

१५ जुलै

खिडकीशी रुक्मिणी नावाची मालवणकडची म्हातारी बसते. आल्यापासून पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही. तिची सून प्रेमा आणि दोन नातवंडं बेपत्ता आहेत. आज ताट घेऊन वाकले तर तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं. म्हणाली, “खंय होतंस गो इतके दिवस?”

मी म्हटलं, आजी, मी अनुपमा. तिने तोंड फिरवलं. शिवदासांनी मला बाजूला घेतलं. हो म्हण, तुझं काय जातं, चार घास तरी पोटात जातील. मग मी म्हटलं, हो, मीच प्रेमा. म्हातारी अख्खं ताट जेवली. रतन म्हणाली, कमाल केलीस यार.

१६ जुलै

आज वर्गात कुणी माझ्या हातचं घेईना. म्हातारीला ढिगाऱ्यातून काढणारे शेजारी सहदेव, त्यांनी चहाचा पेला पायाने लोटला. रतनने चौकशी केली तेव्हा कळलं. त्या सकाळी प्रेमा मुलांना आत ठेवून, बाहेरून कडी घालून निघून गेली होती. कुठे, का, कुणाला ठाऊक नाही. तासाभरात डोंगर आला.

मी सहदेवांना सरळ सांगितलं, मी ती नव्हे, म्हातारीने जेवावं म्हणून खोटं बोलले. ते म्हणाले, “हो म्हणताना कुणी तुझा गळा धरला नव्हता.”

१७ जुलै

फळ्यावरचं प्रेमाचं नाव पुसलंय. रजिस्टरमध्ये सहावी ‘ब’, माणसं अठरा. स्वयंसेवकांच्या यादीत माझं नाव नाही. शिवदासांना विचारलं तर वर न बघता म्हणाले, तुम्हा लोकांसाठी आम्ही मरमर मरतोय, जा, आत बस. रतनने माझ्या हातात चादर ठेवली. वाटपातली.

तशीच मुलुंडला गेले. मावशीने साखळी न काढता फटीतून विचारलं, कोण पाहिजे? मी माझं नाव सांगितलं. तिने दार लावलं. आतून ऐकू आलं, डोंगरावरची बाई दिसते, मागायला आलीय.

शाळेत परत आले. दुसरं कुठे जाणार.

१८ जुलै

ढिगाऱ्यात एक बाई सापडली. ओळख पटवायला सगळ्यांना नेलं. तोंडावरचं फडकं काढलं —

माझा चेहरा. हनुवटीवरचा टाक्यांचा व्रणसुद्धा. मी म्हटलं, ही अनुपमा, ही मी आहे.

रुक्मिणीने एकदाच बघितलं. “ही खंयची कोण? माझी सून हंय उभी असा.”

सहदेवांनी मान डोलावली. शिवदासांनी लिहिलं, अनोळखी.

१९ जुलै, सकाळ

सगळे माझ्याभोवती बसलेत. दाराशी सहदेव. म्हातारी एकच विचारते, “पोरां खंय ठेवलंस?”

माहीत नाही, असं तीनदा म्हटलं. चौथ्यांदा तोंडून निघालं — चुलीमागे, फळीखाली.

मी ते घर कधी पाहिलेलं नाही.

दुपार

डोंगरावर आणलंय. फावडं दिलं नाही. हातांनी उकर म्हणाले. नखं —

रतन खाली रस्त्यावर दिसली. हाक मारली. ती चालतच —

फळी लागली. खालून कुणीतरी ठोकतंय. हळू. लहान हात.

सगळे मागे सरलेत. म्हातारीसुद्धा.

थोरला जयवंत, धाकटी रत्ना — ही नावं मला कुणीच सांगितली —

फटीतून बोटं आली. ओली, गार. उजवा हात सोडत नाहीत, डाव्याने लिहितेय — बाहेर काढ म्हणत नाहीत ती — आई, तू आत —